कानस

वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर सोळाच्या टोकाला,
बावीस वर्षं मी लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर
कानाला लावून उभा राहिलो.
टोक बेअरिंगवर, मूठ कानाशी.
आतून गोळ्या बोलायच्या.
सुकलेलं ग्रीस खरखरतं,
फुटकी गोळी मोजून टकटकते,
आणि शाफ्ट वाकला की मशीन कण्हते,
आजारी माणूस कूस बदलताना कण्हतं तशी.
"मढवी, किती दिवस काढेल?"
"सोमवारपर्यंत, साहेब."
सोमवारी दुपारी ती बसायची.
साहेब खूश व्हायचे.
पगाराला ते कधी कळलं नाही.

मग कंपनी गुजरातला गेली.
त्या जागी आता काच उभी आहे.
काचेमागच्या एसीची एक मोटर किंचित वाकडी फिरते,
फुटपाथवरून मला ऐकू येतं.
सांगू कुणाला?

शेहेचाळिसाव्या वर्षी सिक्युरिटीचा शर्ट घालून पाहिला.
घोडबंदरची सोसायटी, खुर्ची चांगली, वहीत गाड्यांचे नंबर.
बारा तासांत ऐकण्यासारखं काही नाही.
तीन महिन्यांत मला माझाच आवाज येईनासा झाला.

नौपाड्यात, फरसाणच्या दुकानावरच्या जिन्याशी
रंजूला कागद दिसला:
'हाताला बारीक काम येणारा माणूस पाहिजे.'
कानाच्या मशीनचं क्लिनिक.
शलाका मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या.
"या लाइनचा अनुभव?"
"नाही. पण तुमच्या पंख्याचा बुश गेलाय."
त्या बराच वेळ वर बघत राहिल्या.

सहा महिने पोरांमध्ये बसून शिकलो.
डेसिबल शिकलो, आलेख शिकलो,
हळू बोलायला शिकलो, ते सगळ्यात अवघड गेलं.
पगार निम्मा.
नाक्यावर जुने सोबती म्हणाले,
"मढवी आता लोकांचे कान टोचतो!"
हसलो. त्यांच्याबरोबर चहा प्यालो.
घरी येऊन हिशेब तीनदा मांडला, तिन्हीदा तोच आला.

पण कानात मऊ लगदा भरून ठसा घेतला,
त्याचा साचा हातात आला,
आणि टोचणारी कड काढायला मी खिशातून
माझी जुनी, उंदराच्या शेपटीसारखी कानस काढली,
तेव्हा थबकलो.
बावीस वर्षं हा शब्द तोंडात होता.
त्यातला कान मला दिसला नव्हता.

माणसंही मोडण्याआधी बोलतात.
न ऐकू आलेला माणूस "हो, हो" म्हणतो,
अर्धा क्षण उशिरा हसतो,
बायकोच्या ओठांकडे बघत मान हलवतो.
मॅडमच्या मशीनआधी मला तो अर्धा क्षण ऐकू येतो.

गेल्या महिन्यात घाग आले, सुनेला घेऊन.
दोनशे टनांच्या प्रेसवर तीस वर्षं.
जिन्यातूनच हाक मारली, प्रेस चालू असल्यासारखी.
शेडमध्ये आम्ही हातांनी बोलायचो:
मूठ म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे चहा.
आलेख आला. चार हजारावर खोल खड्डा.
त्या खड्ड्यात मला आमची शेड दिसली.
त्यांची प्रेस बंद पडू नये म्हणून
मी रात्र रात्र जागलो होतो,
एक शिफ्ट चुकू दिली नव्हती.
ते मी त्यांना सांगितलं नाही.
त्या दिवशी सांगून ऐकूही गेलं नसतं.

आज त्यांचा साचा बसला.
मॅडमनी यंत्र चालू केलं.
मी टेबलाशी दुसऱ्या कुणाचा तरी साचा घासत होतो.
घाग दचकले.
"हे काय कुरतडतंय? उंदीर?"
मी कानस वर धरून दाखवली.
ते बघत राहिले. कानसीकडे, मग माझ्याकडे.
मग काही न बोलता
दोन बोटं वर केली.